डावी फळी, उजवी फळी

विनायकराव, ताईंचे कपड्यांचे चिमटे सापडले.

बोटीतल्या मागच्या बाकाखाली जी पेटी आहे ना, तिच्यात. शिशाच्या गोळ्या आणि गंजलेली पक्कड यांच्याशेजारी श्रीखंडाचा एक रिकामा डबा होता, तो उघडला तर आत चिमटेच चिमटे. निळे, हिरवे, आणि ताईंनी माहेराहून आणलेले ते जुने लाकडीसुद्धा. इतकी वर्षं ताई तक्रार करायच्या की शारजाच्या वाऱ्याने बाल्कनीतले चिमटे उडून जातात, आणि तुम्ही मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणायचात, "हो, इकडचा वारा जरा चोरटाच आहे." बोटीवर तसलेच चिमटे मी इतक्यांदा बघितले, मला तेव्हाच कळायला हवं होतं. वाऱ्याबद्दल इतक्या आपुलकीने कोणी बोलत नाही.

मी डबा हातात घेऊन तिथेच बाकावर बसलो. हसू आलं आणि हसता हसता पुढचं काही दिसेना. तुम्हाला फोन करून "पकडलं तुम्हाला" असं म्हणायची इतकी सवय आहे की हात खिशाकडे गेलासुद्धा.

साडू हे नातं कोणी मागून घेत नाही. दोन बहिणी आपापली लग्नं करतात आणि मग त्यांच्या नवऱ्यांना दिवाळीत एका सोफ्यावर बसून एकमेकांशी बोलावं लागतं, एवढाच त्याचा उगम. तुम्ही थोरल्या बहिणीचे, मी धाकटीचा, त्यामुळे तुम्ही आधीपासून त्या सोफ्याचे मालक. पहिल्या भेटीत तुम्ही मला विचारलंत, "साडूभाऊ, अबुधाबीच्या ऑफिसात तुमच्या डोक्यावर कुठल्या कंपनीचा एसी आहे?" मी म्हटलं, बघितलं नाही. तुमचा चेहरा पडला. हा माणूस काही कामाचा नाही, असं तुम्ही त्या क्षणी ठरवलं असणार. पुढची सगळी वर्षं तुम्ही ते मत बदललं नाहीत, पण बोटीवर जाताना मला सोबत मात्र घेऊन गेलात.

आता गंमत अशी, की तुम्ही मासे खात नव्हता. हे मी कोणाला सांगितलं की लोक मला परत विचारतात. बोट ठेवणारा, तिच्यावर गळ बांधणारा, खाडीतून बाहेर पडून सुरमईच्या मागे तासन् तास फिरणारा माणूस आयुष्यभर शाकाहारी राहिला, हे पटत नाही कोणाला. मीही आधी थट्टाच करायचो. नंतर एकदा ताईंनी त्या पहिल्या माशाची गोष्ट सांगितली, आणि मी थट्टा बंद केली. म्हणजे, त्या विषयावरची बंद केली.

तुमच्या आईंनी लग्नाच्या बोलणीतच स्पष्ट सांगितलं होतं की आमच्या घरात मासे चालणार नाहीत. ताई रत्नागिरीच्या. सोमवार सोडला तर माशाशिवाय जेवण म्हणजे आजारी माणसाचं जेवण, अशा घरातल्या. पण त्यांनी मान डोलावली. मग लग्न झालं, तुम्ही दोघं शारजाला आलात, आणि एका संध्याकाळी तुम्ही कामावरून येताना जन्मात पहिल्यांदा मासळीबाजारात शिरलात. तिथे काय मागायचं हे तुम्हाला माहीत नव्हतं. मासा साफ करून घ्यायचा असतो हेही माहीत नव्हतं. डोळे, खवले, शेपटीसकट एक अख्खा मासा पिशवीत घालून तुम्ही टॅक्सीत मांडीवर घेऊन बसलात, आणि टॅक्सीवाल्याने काही न बोलता चारही काचा खाली केल्या. घरी आल्यावर पिशवी ओट्यावर ठेवून म्हणालात, "हा कुठला आहे ते मला ठाऊक नाही. चालण्यासारखा असेल तर कर."

त्यात काटेच काटे होते म्हणे. ताई सांगतात, मी रडत रडत खाल्ला आणि ह्यांना वाटलं घशात काटा अडकला. तुम्ही समोर वरणभाताचं ताट घेऊन बसला होता. घाबरून पाणी आणायला उठलात, परत आलात, आणि ताई ठीक आहेत असं दिसल्यावर विचारलंत, "कसा झालाय?"

तो प्रश्न मग कायमचा राहिला. तुमच्याकडे मासे असले की मी बघायचो, ताट वाढून झालं तरी तुमचा हात भाताला लागायचा नाही. ताईंनी पहिला घास घ्यायचा, तुम्ही विचारायचं, "कसा झालाय?" आणि ताईंनी सांगायचं. कधी आमसूल जास्त झालंय, कधी रवा नीट लागला नाही, बहुतेक वेळा "छान झालाय." उत्तर मिळालं की तुम्ही जेवायला सुरुवात करायचात. ज्या पदार्थाची चव तुम्हाला कधीच कळणार नव्हती त्याची चौकशी तुम्ही इतकी वर्षं न चुकता केलीत. माझ्या बायकोने, मीराने, एकदा मला विचारलंही होतं की तू कधी विचारतोस का रे असं. मी म्हटलं, मी खातो, मला विचारायची गरज काय. त्यावर तिने माझ्याकडे जे बघितलं ते अजून लक्षात आहे.

मग ती बोट आली. तुमच्या बिल्डिंगमधला एक गोरा शेजारी देश सोडून निघाला होता, त्याची ती जुनी फायबरची बोट तुम्ही घेतलीत आणि तिच्याबरोबर त्याचं एक फाटकं पुस्तकही घेतलंत. कुठल्यातरी थंड देशातल्या तळ्यांत मासे कसे धरतात याचं. चित्रं बघून तुमचं डोकं फिरलं. बोटीच्या मध्यभागी एक आखूड डोलकाठी, तिच्यावरून दोन्ही बाजूंना दोन दोऱ्या, आणि प्रत्येक दोरीच्या टोकाला पाण्यात उभी तरंगणारी लाकडी फळी. फळीचं पुढचं टोक तिरपं कापलेलं, म्हणून बोट पुढे चालली की पाणी तिला बाहेर ढकलतं आणि ती बोटीपासून लांब, बाजूला जाऊन समांतर चालत राहते. त्या दोरीवर चिमटे लावायचे, चिमट्यांत गळाचं तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, अडकवायचा. मासा लागला की झटक्याने तंगूस चिमट्यातून सुटतं आणि फळी आपली तिथेच चालत राहते.

मी विचारलं, हा उपद्व्याप कशाला? सगळे लोक गळ बोटीच्या मागे सोडतात, आपणही सोडू. तुम्ही मला एखाद्या मंद विद्यार्थ्याला समजावतात तसं समजावलंत. इंजिनाचा आवाज आला की मासा बोटीच्या वाटेतून बाजूला सरकतो. मागे गळ सोडून काय उपयोग, तिथे तर कोणी उरलेलंच नसतं. जो बाजूला सरकलाय त्याच्याकडे बाजूनेच जायला पाहिजे.

"हे तळ्यातलं शास्त्र आहे," मी म्हटलं. "हा समुद्र आहे."

"पाणी ते पाणी, साडूभाऊ."

या वाक्यावर आपण किती भांडलो याला गणती नाही. मला आजही वाटतं की माझा मुद्दा बरोबर होता.

फळ्या तुम्ही अल क्वोजमध्ये, तुमच्या कारखान्यामागच्या सुताराकडून करून घेतल्या. एसीच्या डक्टचे नकाशे काढण्यात जन्म गेलेला माणूस तुम्ही, ड्रॉइंग असं सुंदर काढलंत की फ्रेम करून लावावं. तिरप्या कापाचा कोन, भोकांच्या जागा, फळी उभी राहावी म्हणून खालच्या बाजूला ओतायचं शिसं, सगळं. आणि खाली कोपऱ्यात, सवयीने, लिहिलंत: दोन नग.

पहिल्या शनिवारी धक्क्यावर पांढऱ्या दाढीचा तो म्हातारा अमिराती नाखवा उभा होता, ज्याची लाकडी बोट आपल्या शेजारी असते. आपल्या फळ्या बघून त्याने विचारलं, "ये क्या भाई, दरवाज़ा लेके जाता है समंदर में?" तुम्ही त्याला हिंदीत सगळं शास्त्र सांगितलंत. तो शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "इन्शाल्ला." त्या एका शब्दात त्याने काय काय म्हटलं ते मला कळलं, तुम्हाला नाही.

खाडीच्या बाहेर आलो, तुम्ही उजवी फळी सोडलीत. ती झोकात उजवीकडे गेली. तुमचा चेहरा असा फुलला होता, की मुलगी झाली तेव्हा काय फुलला असेल. मग डावी सोडलीत. ती थोडी डगमगली, बोटीच्या मागून वळसा घालून गेली आणि उजवीला जाऊन बिलगली. दोन्ही दोऱ्या, सगळे गळ, तंगूस, चिमटे यांचा असा गुंता झाला की मी इंजिन बंद करून पोट धरून हसत बसलो. तुम्ही हसला नाहीत. गुंत्याकडे बघत पाच मिनिटं उभे राहिलात आणि मग हळूच म्हणालात, "एक डावी, एक उजवी लिहायला पाहिजे होतं."

सुताराने ड्रॉइंगबरहुकूम दोन्ही अगदी सारख्या बनवल्या होत्या. दोन्ही उजव्या. खाली शिसं असल्यामुळे उलटी करूनही चालेना. शाळेत मुलांना दोन्ही पायांत उजवा बूट घालून पाठवावं तसं झालं होतं. हे कोणाला सांगू नका असं तुम्ही मला परतताना दोनदा बजावलंत, आणि घरी पोचायच्या आत मी मीराला फोन करून सांगितलं.

पुढच्या खेपेला खरी डावी फळी आली. मग तुम्ही डावीला लाल आणि उजवीला हिरवा रंग दिलात, म्हणजे पुन्हा घोळ नको. ती चुकलेली फळी टाकवेना, म्हणून तिचं शिसं काढून, पॉलिश करून ताईंना पूजेला पाट करून दिलात. एका टोकाला तिरपा कापलेला पाट साऱ्या शारजात एकच असेल. सध्या तुमचा फोटो त्याच पाटावर ठेवलाय. ताईंनी मुद्दाम ठेवला की हाताला तो लागला म्हणून, ते मी विचारलं नाही.

तुम्हाला एक गोष्ट कधी सांगितली नाही, ती आता सांगतो. माझी अबुधाबीची नोकरी गेली त्या हिवाळ्यात सगळे मला विचारायचे. काय झालं, कुठे अर्ज केला, कॉल आला का, परत जायचा विचार आहे का. काळजीनेच विचारायचे, पण प्रत्येक वेळी कोणीतरी माझी कॉलर धरतंय असं वाटायचं. लोक दिसले की मी रस्ता बदलायचो. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. फक्त आधी जे महिन्यातून एकदा जायचो ते दर शनिवारी सुरू केलंत, आणि मला सुकाणूवर बसवलंत. "मी फळ्या बघतो. तुम्ही सरळ चालवा, तेवढंच काम आहे." मी तासभर, दोन तास, लांबवरच्या एका पाण्याच्या टाकीवर नजर लावून बोट सरळ चालवत राहायचो. वेग वाढला की फळ्या उड्या मारतात, कमी झाला की ओढ सुटते, म्हणून लक्ष तिथेच ठेवावं लागायचं. दोन तास दुसरं काही डोक्यात यायचं नाही. त्या हिवाळ्यात मला नीट झोप लागायची ती शनिवारी. तुम्ही हे ठरवून केलंत की तुम्हाला खरंच सुकाणूला माणूस हवा होता, हे मला अजून कळलेलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "सरळ चालवणारा माणूस मिळतो कुठे हल्ली."

आणि मासा वर आला की तुम्ही पाठ फिरवायचात. हे तर मी कधी विसरणार नाही. गळ तुम्ही बांधायचा, फळी तुम्ही सोडायची, चिमटा सुटला की लहान मुलासारखं ओरडायचं तुम्ही, पण मासा बोटीत येऊन तडफडायला लागला की तुम्ही अजमानच्या इमारतींकडे तोंड करून हवेबद्दल बोलायला लागायचात. आज दमट कमी आहे, नाही का. धूळ आहे वाटतं वरती. माझं काम आटोपेपर्यंत तुमचं हवामान चालायचं. मग मासा बर्फात गेला की तुम्ही वळून ताईंबद्दल विचारायचात, "सुनीताला पुरेल ना?"

तुम्ही गेलात ते सकाळी, बूट घालताना. एका पायात घातलेला होता, दुसरा हातात. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. लोकांनी विचारलं की मी सांगतो, त्रास झाला नाही. मला काय माहीत झाला की नाही.

तेरावं झालं, पुण्याहून आलेली माणसं परत गेली. तुमची इरा दुबईतली आपली खोली सोडून आईजवळ राहायला आली. त्यानंतरच्या रविवारी मीराने सुरमई तळून डब्यात घालून नेली. म्हटलं ताई चार घास नीट जेवतील. ताईंनी डबा उघडला, बघितला आणि झाकण लावून टाकलं. "आता नको, मीरा. हे नव्हते खात, आता मीही नाही खाणार. खूप खाल्लं इतकी वर्षं."

मीराने समजावलं. पुढच्या वेळी जरा चिडून समजावलं. इराने इंग्रजीत समजावलं, "आई, धिस इज नॉट व्हॉट बाबा वॉन्टेड." ताई गप्प होत गेल्या. काही बोलायला गेलं की उठून स्वयंपाकघरात जायच्या आणि तिथे उगाच भांडी लावत बसायच्या. मी तोंड उघडलं नाही, पण माझा संताप संताप झाला, विनायकराव. तुम्ही ज्या गोष्टीसाठी नव्या नवरीच्या ओट्यावर तो काटेरी मासा आणून ठेवलात, ज्या गोष्टीसाठी आईंची नाराजी आयुष्यभर हसत हसत अंगावर घेतलीत, तीच गोष्ट ताई तुमच्या नावाने सोडायला निघाल्या होत्या. तुमच्या आईंना जे जमलं नाही ते तुमच्या जाण्याने होणार होतं. आणि हे मी त्यांना सांगणार कसं? दुःखात असलेल्या माणसाला सरळ जाऊन धडकता येत नाही. तो बाजूला होतो.

म्हणून मी माशाचा विषयच काढला नाही. एक दिवस चहा पिताना म्हटलं, "ताई, बोट बंद पडून राहिली तर इंजिन जाम होईल. विकायची असली तरी एकदा चालवून आणायला हवी. पण एकट्याने फळ्या सोडता येत नाहीत, सुकाणूला कोणीतरी लागतं."

"इराला न्या."

"इरा चिमटे लावेल. मला सरळ चालवणारं माणूस हवंय."

ताई इतक्या वर्षांत एकदाही बोटीवर आल्या नव्हत्या. लाट बघितली तरी त्यांच्या पोटात ढवळायला लागतं. मला वाटलं नाही म्हणतील. त्यांनी कप ठेवला, तुमच्या फोटोकडे बघितलं, म्हणजे खरं तर त्या पाटाकडे, आणि विचारलं, "त्या फळ्या खरंच लांब जातात का हो? हे सांगायचे. मला वाटायचं वाढवून सांगतात."

शनिवारी सकाळी धक्क्यावर म्हातारा नाखवा भेटला. त्याला कोणीतरी सांगितलं होतं. त्याने छातीवर हात ठेवून ताईंना सलाम केला आणि मला म्हणाला, "वो दरवाज़ेवाला बहुत अच्छा आदमी था." ताईंना दरवाजाचं काही माहीत नव्हतं. मी सांगितलं. मग त्यांना दोन उजव्या फळ्यांचीही गोष्ट नीट सांगितली, कारण तुम्ही त्यांना सांगताना सुताराला वेंधळा ठरवलं होतं. ताईंनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की रडत होत्या, मला कळेना; शेजारी इरा ओढणीने डोळे पुसत होती.

डोलकाठी लावताना माझी फजिती झाली. इतकी वर्षं बोटीवर असून मला तिचे ताण, म्हणजे तिला उभं धरणाऱ्या दोऱ्या, बांधायचा क्रम येत नव्हता. मी नेहमी सुकाणूवर, पाठ तुमच्याकडे. तुम्ही मागे पुटपुटत असायचात, तेवढं मात्र ऐकू यायचं: आधी पुढचा, मग दोन बाजूचे, ओढू नका, पीळ द्या. ते पुटपुटणं आठवत आठवत मी बांधलं. तिसऱ्यांदा बसलं. श्रीखंडाचा डबा मी ताईंच्या हातात दिला. त्यांनी झाकण काढलं आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. मग त्यातला एक लाकडी चिमटा काढून उघडझाक करून बघितला. "माझ्या आईने दिलेला आहे हा," म्हणाल्या, आणि तो इराच्या हातात दिला. "हा नीट लाव गं."

ताईंना सुकाणूवर बसवलं, तोंडात आवळासुपारी दिली, आणि सांगितलं, लांब ती पाण्याची टाकी दिसतेय ना, तिच्यावर नजर ठेवा. सरळ चालवा, तेवढंच काम आहे. त्यांनी चाक असं धरलं की जणू सोडलं तर बोट बुडेल. पण बोट सरळ गेली. थोड्या वेळाने खांदे सैल झाले. पोटात ढवळलं नाही, हे त्यांचं त्यांनाच नंतर आठवलं.

मी लाल फळी सोडली. आधी डावी, कारण त्या पहिल्या शनिवारनंतर तुम्ही कायम आधी डावी सोडायचात, आणि का ते मी कधी विचारलं नाही. ती पाण्यात उभी राहिली, दोरी ताणली आणि ती निघाली. मग हिरवी. ताईंनी क्षणभर टाकीवरची नजर काढून आधी डावीकडे आणि मग उजवीकडे बघितलं. दोन्ही बाजूंना लांबवर दोन फळ्या आमच्याबरोबर चालल्या होत्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "खरंच की."

बराच वेळ काही झालं नाही. एकदा मी गुंता सोडवायला बोट थांबवायला सांगितली, तर फळ्यांची ओढ गेली आणि त्या हळूहळू बोटीकडे यायला लागल्या. ताई बघत होत्या. "थांबलं की परत येतात का या?" मी म्हटलं, हो. इरा दुसरीकडे बघत होती. मग ताईंनीच गिअर टाकला आणि बोट पुढे घेतली.

चिमटा सुटला तो डावीकडचा, लाकडी. टप्प असा आवाज आला, तंगूस मागे झेपावलं आणि रॉड वाकला. इरा ओरडली, "काका, फिश, फिश!" मी ओढायला लागलो, आणि मला एकदम जाणवलं की मागे कोणीतरी ओरडायला हवं होतं. मासा चांगला होता. बोटीच्या मागे सोडलेल्या माझ्या साध्या गळाकडे सकाळपासून कोणी फिरकलंही नव्हतं. एका माशाने काही सिद्ध होत नाही, हे मी तुम्हाला कितीदा सांगितलंय. त्या वेळी ते वाक्य तोंडातून निघेना. घ्या, विनायकराव, जिंकलात तुम्ही. फक्त हे ऐकायला इथे असायला हवं होतं.

सुरमई वर आली आणि बोटीत तडफडायला लागली. मी ताईंकडे बघितलं. रत्नागिरीची बाई, माशाची भीती ती काय असणार. पण ताईंनी चेहरा वळवला, अजमानच्या इमारतींकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आज दमट नाहीये फारसं, नाही का?"

माझा हात थांबला. हे त्यांना कोणी सांगितलं? मी तर नाही. तुम्ही घरी येऊन सांगत असणार, की मी कसा तोंड फिरवून हवेच्या गप्पा मारतो. सगळं सांगत होता वाटतं तुम्ही ताईंना, सुतार आणि चिमटे सोडून.

"नाही," मी म्हटलं. "धूळ आहे जरा."

मासा बर्फात ठेवला. मी मुद्दाम काही बोललो नाही, घरी नेऊ की नाखव्याला देऊ, काहीच नाही. परतीच्या वाटेवर खाडीचं तोंड आलं तेव्हा ताईंनी चाकावरचा हात न काढता सांगितलं, "माधवराव, याचं डोकं काढून टाकू नका हां तिकडे धक्क्यावर. त्याचं कालवण करते."

मी बरं म्हटलं. एवढंच म्हटलं. इराने माझा दंड घट्ट धरला होता.

संध्याकाळी मीरा आली, आम्ही चौघं जेवायला बसलो. ताईंनी स्वतः केलं, कोणाला ओट्याजवळ येऊ दिलं नाही. डोक्याचं कालवण, तुकडे रव्यात तळलेले, आणि एका लहान पातेल्यात वरण. वरण कशाला केलं असं कोणी विचारलं नाही. तुमची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर कोणी बसलं नाही, आणि कोणी तिच्याकडे बघतही नव्हतं. ताट वाढून झालं. मीरा थांबली, इरा थांबली, मीही थांबलो. का थांबलो आम्ही? मला वाटतं सगळ्यांना तेच आठवलं होतं, आणि विचारायचं धाडस कोणाला झालं नाही. तो प्रश्न आमचा नव्हता.

ताईंनी काटा बाजूला काढला, भातात कालवण कालवलं आणि पहिला घास घेतला. सावकाश खाल्ला. मग तुमच्या खुर्चीकडे मान वळवून, रोजच्या आवाजात, म्हणाल्या,

"छान झालाय."

मग आम्ही जेवायला सुरुवात केली.